पदराची गाठ आणि खिशातला फोन

माझ्या अम्मीच्या पदराला नेहमी एखादी तरी गाठ मारलेली असायची. घाटकोपरच्या चाळीतले ते दिवस. रेशनच्या दुकानात रॉकेल आलंय, शेजारणीची वाटीभर साखर परत करायचीय, धाकट्याची फी भरायचा उद्या शेवटचा दिवस आहे, असं काहीही असलं की अम्मी पदराच्या टोकाला गाठ मारून मोकळी व्हायची. गाठीत काही लिहिलेलं नसे. अम्मीला लिहितावाचता येतच नव्हतं. पण काम करता करता हात गाठीला लागला की तिला बरोबर आठवायचं. कधी कधी आठवायचं नाहीही. मग ती गाठ चिमटीत धरून आम्हालाच विचारायची, "अरे, ही कशाची रे?" आणि आम्ही भावंडं हसत सुटायचो.

त्या गाठीची आठवण हल्ली मला दर रविवारी होते, ती माझ्या भाच्यामुळे. माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा हा मुलगा. वय एकोणतीस. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो आईबरोबर मरोळला राहतो, अंधेरीच्या एका कार्यशाळेत पाकिटं भरायचं काम करतो आणि रविवारी सकाळी एकटा मेट्रोनं घाटकोपरला माझ्याकडे येतो. आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "मामू, चहा." त्याच्या खिशात एक स्मार्टफोन असतो. तो फोन म्हणजे त्याच्या पदराची गाठ. ही गाठ कशी मारायची, ती कधी सुटते आणि मुळात ती मारायची कुणी, याविषयी आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला, कविता लिहिणारा माणूस. डॉक्टर नाही आणि कॉम्प्युटरवालाही नाही. पण कवितेचा आणि आठवणीचा धंदा एकच. यमक, ठेका, ध्रुपद ही सगळी मुळात लक्षात ठेवायची साधनं. छापखाना नव्हता तेव्हा जात्यावरच्या ओव्या शेकडो वर्षं टिकल्या त्या या गाठींच्याच जोरावर. त्यामुळे भाच्याला काय लक्षात राहतं आणि काय राहत नाही, याचं कुतूहल मला पहिल्यापासून होतं. जे वाचलं, डॉक्टरांकडून समजून घेतलं आणि घरात पाहिलं, तेवढंच सांगतो.

आधी डाऊन सिंड्रोम म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रं. डाऊन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनऐवजी तीन असतात. एकूण होतात ४७. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरनं १८६६ साली या मुलांचं वर्णन केलं म्हणून त्याचं नाव लागलं. हे जादा गुणसूत्र मात्र पॅरिसमध्ये जेरोम लजन आणि मार्थ गोतिए यांच्या कामातून १९५९ साली समोर आलं. मधल्या नव्वद वर्षांत जगभर या मुलांना 'मंगोल' म्हटलं जायचं. मंगोलिया देशानं हरकत घेतल्यावर १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो शब्द सोडला. आपल्याकडे तो त्यानंतरही बरीच वर्षं दवाखान्यांत ऐकू यायचा. साधारण आठशे ते हजार जन्मांमागे असं एक मूल जन्माला येतं. एकवीस नंबरची तीन गुणसूत्रं म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, २१ मार्च, हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन. २०१२पासून संयुक्त राष्ट्रसंघही तो पाळतो. हे आईनं ग्रहण पाहिल्यामुळे होत नाही, कुणाची नजर लागून होत नाही आणि कुठल्या पापाचं फळ म्हणून तर नाहीच नाही. आपाला हे सगळं ऐकावं लागलं, म्हणून मुद्दाम सांगतो.

मुंबईला हा विषय नवा नाही. शिवडीची जय वकील संस्था आहे ना, ती १९४४ साली वकील दांपत्यानं आपल्या घरातच सुरू केली. जय ही त्यांची मुलगी, तिला डाऊन सिंड्रोम होता. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्यावरचा 'यलो' हा मराठी चित्रपट २०१४ साली आला आणि त्यात तिनं स्वतः कामही केलं. बेलापूरला अदिती वर्मा या तरुणीनं २०१६ साली 'अदितीज कॉर्नर' नावाचं छोटंसं उपाहारगृह काढलं. जुहूला २०१८मध्ये 'कॅफे अर्पण' सुरू झाला, तिथे बौद्धिक अक्षमता असलेली आणि स्वमग्न मोठी माणसं काम करतात. म्हणजे ही मुलं मोठी होतात, कमावतात, लोकांना चहा देतात, पैसे मोजतात. आणि मोठं होऊन कामावर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो लक्षात ठेवण्याचा.

आता आठवण. आपण ती एकच वस्तू समजतो. "त्याची मेमरी वीक आहे," असं म्हणून मोकळे होतो. पण घरात सामान ठेवायची एकच जागा असते का? माळा असतो, फडताळ असतं आणि स्वयंपाकाचा ओटा असतो. माळ्यावर वर्षानुवर्षांचं सामान. ओट्यावर फक्त आत्ता लागणारं, चिरलेला कांदा, भिजवलेली डाळ. आपल्या मेंदूतही असा एक ओटा आहे. १९७४ साली अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन शास्त्रज्ञांनी त्याचं एक चित्र मांडलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या ओट्याचे वेगवेगळे भाग आहेत. एका भागावर कानानं ऐकलेलं क्षणभर ठेवलं जातं, तर दुसऱ्यावर डोळ्यानं पाहिलेलं.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेकांचा कानाचा ओटा फार अरुंद असतो. आपण सहा-सात आकडे एका दमात ऐकून परत म्हणू शकतो. यांच्यापैकी अनेकांना तीन-चारच्या पुढे जाणं कठीण पडतं. डोळ्याचा ओटा त्या मानानं बराच मोकळा असतो. दाखवलेली जागा, चेहरा, वस्तूंचा क्रम त्यांना अधिक चांगला राहतो. आणि तिसरी एक आठवण असते, हाताची. पोहणं, चपाती लाटणं, नाचणं, गाण्याचा ठेका. सरावानं अंगात मुरलेली ही आठवण त्यांच्यात पुष्कळदा चांगली टिकते. माझ्या भाच्याला काल दुपारी काय जेवलास विचारलं तर तो गप्प बसतो, पण रफीचं गाणं लागलं की योग्य जागी टाळी देतो. अर्थात सगळे सारखे नसतात. कुणी पुस्तकं वाचतं, तर कुणाला बोलायलाच कष्ट पडतात.

हे समजल्यावर आमच्या घरातल्या कित्येक भांडणांचा उलगडा झाला. आपा सांगायची, "जा, हातपाय धू, कपडे बदल, डबा सिंकमध्ये ठेव आणि येताना माझा चष्मा आण." चार कामं, एका वाक्यात, सगळी कानानं. तो जायचा, हातपाय धुवायचा आणि मोरीच्या दारात उभा राहायचा. आपाला वाटायचं, ऐकत नाही. वडिलांना वाटायचं, आळशी आहे. त्याच्या ओट्यावरून मागची तीन कामं केव्हाच घरंगळून खाली पडलेली असायची.

अंधेरी स्टेशनवर उभे राहा आणि घोषणा ऐका. किती नंबरचा प्लॅटफॉर्म, कुठे जाणारी गाडी, जलद की धिमी, किती डब्यांची, सगळं एका दमात येतं आणि हवेत विरतं. आपलीही त्रेधा उडते. मग आपण वर बघतो, इंडिकेटरकडे. म्हणजे कानानं निसटलं की डोळ्याचा आधार घेतो. या मुलांना हा आधार जरा जास्त वेळा लागतो, इतकंच.

डोळ्याच्या वाटेनं शिकवायची ही कल्पना एका बापानं शास्त्रज्ञांच्या गळी उतरवली. इंग्लंडमधल्या लेस्ली डफन यांची मुलगी सारा, डाऊन सिंड्रोम असलेली. ती ऐकून शब्द शिकण्यापेक्षा छापील शब्द पाहून भराभर शिकते, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९८०च्या सुमारास त्यांनी पोर्ट्समथच्या सू बकली या मानसशास्त्रज्ञ बाईंना तसं पत्र लिहिलं आणि त्यातून पुढे संशोधनाची एक शाखाच उभी राहिली. बोलता येत नाही तर वाचता काय येणार, असं तोवर लोक धरून चालले होते.

खरं तर डोळ्यानं लक्षात ठेवणं हे आपल्याकडे कमीपणाचं कधी नव्हतंच. मुंबईच्या डबेवाल्यांनी डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरं यांची जी खूण बसवली, ती फार न शिकलेल्या माणसांनी. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ साली, उमेदवारांना चिन्हं दिली ती वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी. मेक्सिको शहरात १९६९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्र दिलं गेलं. माझ्या अम्मीला असं चित्र मिळालं असतं तर तिला स्टेशनं मोजत बसावं लागलं नसतं.

आता त्या फोनकडे येतो. भाच्याच्या फोनमध्ये खास असं काही नाही. महागडं यंत्र नाही, परदेशातून मागवलेलं ॲप नाही. तुमच्या-माझ्या फोनमध्ये जे असतं तेच आहे, फक्त त्याच्या डोळ्यांच्या सोयीनं मांडलेलं. पडद्यावर सहाच खुणा. आईचा फोटो, मामूचा फोटो, कार्यशाळेतल्या ताईंचा फोटो. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो, नाव वाचायला नको आणि नंबर आठवायला नको. चौथी खूण रस्त्याच्या फोटोंची, पाचवी आजच्या फोटोंची, सहावी गाण्यांची. बाकी सगळं आत दडवलेलं.

सकाळच्या गोळीचं उदाहरण घ्या. त्याला थायरॉइडची गोळी रोज उपाशीपोटी घ्यावी लागते. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना होतो. नुसता गजर लावला तर गजर वाजायचा, तो बंद करायचा आणि पुन्हा झोपायचा. गजर "ऊठ" म्हणतो, "कशाला ऊठ" ते सांगत नाही. मग आपानं आपल्या आवाजात गजर भरला, "ऊठ बेटा, गोळी घे, पाणी पी." पडद्यावर गोळीच्या डबीचा फोटो. चार दिवसांत काम बसलं. गंमत म्हणजे त्याच सुमाराला जवळच्या मशिदीत फज्रची अजान होते. ती वर्षभर थोडी पुढेमागे सरकते, पण त्याच्या लेखी अजान म्हणजे गोळी. कधी फोन चार्ज नसला तरी अजान कधी डिस्चार्ज होत नाही, असं आपा म्हणते. मुद्दा असा की, रोजच्या जगण्यात आधीपासून असलेल्या खुणेला नवी खूण बांधली तर ती पक्की बसते.

कामाच्या बाबतीत आम्ही आधी चूक केली. चहा कसा करायचा, याचे मी सात-आठ फोटो काढले. तो ते बघायचा आणि गोंधळायचा. कारण मी ते माझ्या उंचीवरून आणि समोर उभं राहून काढले होते. तो पाच फुटांहून कमी. त्याला ओटा तसा दिसतच नाही. मग आम्ही फोन त्याच्या हातात दिला. पातेलं, पाणी, साखर, पत्ती, दूध, सगळे फोटो त्यानं त्याच्या नजरेतून काढले. पुढे त्याच्या हातांचाच छोटा व्हिडिओ केला, एका वेळी एकच पायरी, पायरी झाली की थांबायचं. स्वतःचे हात काम करताना पाहणं हे त्याला माझ्या शंभर सूचनांहून जास्त पटलं. सहा महिन्यांनी तो फोन न बघताच चहा करू लागला. डोळ्याची आठवण हाताच्या आठवणीत उतरली. असं झालं की त्या कामापुरता फोन बाजूला ठेवायचा. कुबडी पाय बरा होईपर्यंतच.

मेट्रोचा धडा जरा मोठा होता. मरोळ नाक्याहून घाटकोपर म्हणजे साकीनाका, असल्फा, जागृती नगर आणि घाटकोपर. जाताना सोपं, कारण घाटकोपर शेवटचं. आम्ही एकच नियम सांगितला, "सगळे उतरले की उतर." येताना कठीण, कारण मरोळ नाका मधलं स्टेशन. त्यासाठी फोनमध्ये चार चौकटी केल्या, चार स्टेशनांच्या चार पाट्यांच्या. एक स्टेशन गेलं की एक फोटो सरकवायचा. चौथा आला की दाराशी जायचं. आपा आधी त्याच्या शेजारी बसून गेली, मग त्याच डब्यात पण लांब बसून, मग पुढच्या डब्यातून. तीन महिन्यांनी तो एकटा आला. त्या दिवशी आपा घरी फोन हातात धरून बसली होती आणि मी घाटकोपरच्या जिन्याखाली. तो उतरून आला आणि म्हणाला, "मामू, चहा."

पण गोष्ट इथे संपली असती तर मी आज बोललो नसतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तो माझ्याकडून निघाला आणि तासाभरानं घरी पोचलाच नाही. आपाचा फोन आला. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पावणेदोन तास गेले. मग एका अनोळखी नंबरवरून मला फोन आला. भाचा वर्सोव्याला होता, मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला. झालं होतं असं की आदल्या रात्री फोनचं अपडेट आपोआप झालं होतं आणि रस्त्याच्या फोटोंची खूण पहिल्या पडद्यावरून गायब झाली होती. आपल्याला अपडेट म्हणजे किरकोळ बाब. त्याच्या दृष्टीनं रातोरात कुणीतरी घरातलं सगळं सामान हलवून ठेवलं. फोटो सापडेनात, मरोळ गेलं, अंधेरी गेली. मग शेवटचं स्टेशन आलं, सगळे उतरले आणि तो उतरला. नियमच होता ना तसा! शेवटचं स्टेशन म्हणजे मामूचं घर. तिकीट मरोळपर्यंतचं असल्यामुळे बाहेर जायचं फाटक उघडेना. तो फाटकाशी उभा राहून तिथल्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होता, "मामूकडे जायचं."

त्याला वाचवलं ते कागदानं. त्याच्या शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड असतं, त्यावर आमचे नंबर आणि एक ओळ, "मला बोलायला वेळ लागतो, कृपया या नंबरवर फोन लावा." त्यानं ते काढून दाखवलं. कार्ड दाखवायचा सराव आपानं त्याच्याकडून वर्षभर करून घेतला होता.

त्या दिवसानं आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, चूक त्याची नव्हती, नियमाची होती. आम्ही त्याला शब्द दिला होता, खूण दिली नव्हती. आता घाटकोपरसाठीही फोटो आहे. मरोळसाठी पाटीबरोबर गाडीतून दिसणाऱ्या एका निळ्या पाण्याच्या टाकीचा फोटो आहे, तो त्यानं स्वतः निवडला. दुसरी, फोन हलता कामा नये. आपोआप होणारं अपडेट बंद, नवा फोन घ्यायची घाई नाही आणि खुणांची जागा पक्की. आपण काय वापरतो ते निवडून बाकीचं झाकायच्या सोयी आता बऱ्याच फोनांत असतात. अँड्रॉइडमध्ये एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवायची सोय २०१४पासून आहे. आयफोनमध्ये २०२३ साली 'असिस्टिव्ह ॲक्सेस' नावाची मांडणी आली, मोठी चित्रं आणि मोजक्या खुणा असलेली, मुद्दाम अशाच लोकांसाठी केलेली. तिसरी, फोनला फोनचा भरवसा नसतो. कार्ड खिशात हवंच. आणि जगही हलतं. ऑक्टोबर २०२४मध्ये मरोळ नाक्याला भूमिगत मेट्रो येऊन मिळाली, गर्दी बदलली, पाट्या बदलल्या. आम्ही पुन्हा एकदा त्याच्या उंचीवरून फोटो काढत फिरलो.

तुम्ही विचाराल, एवढी खटपट कशाला, हल्ली फोनशी बोललं की तो सगळं करतो. खरं आहे, पण फोनला त्याचं बोलणं कळत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये जिभेची, तोंडाच्या स्नायूंची ठेवण वेगळी असते, उच्चार अस्पष्ट होतात. यंत्रांना शिकवताना असे आवाज ऐकवलेच गेले नव्हते. कॅनडाच्या डाऊन सिंड्रोम संघटनेनं २०१९ साली गूगलबरोबर हे काम हाती घेतलं, या मंडळींचे आवाज गोळा करून यंत्राला शिकवायचं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं २०२२ साली मोठ्या कंपन्यांना घेऊन असाच प्रकल्प सुरू केला. माझा भाचा बोलतो ते मराठी, त्यात थोडं हिंदी आणि अम्मीच्या कोकणी बोलीतले चार शब्द. त्याचा आवाज यंत्रापर्यंत पोचायला वेळ लागेल. पण आपल्या उपनगरातच एक चांगलं काम झालं आहे. पवईच्या आयआयटीत, आयडीसी या डिझाइन विभागात 'जेलो' नावाचं ॲप तयार झालं. चित्रांवर बोट ठेवायचं आणि फोन ते वाक्य बोलून दाखवतो, मराठीतही. ज्यांना बोलणं जमत नाही अशा मुलांसाठी ते आहे आणि विनामूल्य आहे. शब्द आठवत नाही तेव्हा चित्र दाखवता येणं हीसुद्धा आठवणीला मदतच.

एक धोक्याची सूचना. लक्षात राहत नाही म्हटलं की लगेच फोन घेऊन द्यायचा, असं करू नका. आधी कान तपासा. या मुलांमध्ये कमी ऐकू येणं फार सर्रास असतं, आणि जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? थायरॉइड तपासा. रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही दाखवा. मोडक्या झोपेवर आठवण टिकत नाही. आणि चाळिशीच्या पुढच्या माणसाला येत असलेलं काम अचानक येईनासं झालं, ओळखीचा रस्ता चुकू लागला, तर "त्याचं असंच आहे" म्हणून सोडू नका. अल्झायमरशी संबंधित एक जनुक नेमकं एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. ते तीनदा असल्यामुळे या मंडळींना तो आजार लवकर गाठू शकतो. डॉक्टरांना दाखवायला हवं.

दुसरी सूचना आपल्यासाठी. फोनमधून तो कुठे आहे ते नकाशावर दिसतं. वर्सोव्याच्या प्रकारानंतर आपा दिवसभर तो ठिपका बघत बसायची. वाटेत कार्यशाळेच्या मित्राबरोबर तो वडापाव खायला थांबला तर लगेच फोन. एके दिवशी तो मला म्हणाला, "मामू, अम्मी फोनमध्ये बसलीय." मला हसू आलं आणि लाजही वाटली. एकोणतीस वर्षांच्या मुलाला वडापाव खायला परवानगी लागते का? आता आमचं ठरलंय, ठिपका फक्त प्रवासापुरता, आणि तो सुरू करायचं बटण त्यानं दाबायचं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती पाचवी खूण, आजच्या फोटोंची. पूर्वी "आज काय केलंस?" विचारलं की उत्तर यायचं, "काही नाही." आता तो दिवसभरात पाच-सहा फोटो काढतो. कार्यशाळेतला पाकिटांचा ढीग, पाऊस, एक मांजर, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. रविवारी माझ्यासमोर बसून एकेक फोटो सरकवतो आणि बोलतो, दहा-दहा मिनिटं. गोळी आणि मेट्रो ही गरजेची गोष्ट झाली. पण माणसाला सांगण्यासारखा काल असावा लागतो. त्याच्याकडे तो आधीही होता, फक्त हाताला लागत नव्हता.

गेल्या महिन्यात आपानं मला एक प्रश्न विचारला. ती आता चौसष्टची, गुडघे गेलेले, भाच्याचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणाली, "मी गेल्यावर माझा आवाज त्या गजरात वाजत राहील ना रे?" डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आईबापांना हा एकच प्रश्न रात्री झोपू देत नाही. पूर्वी ही मुलं लहानपणीच जायची. आता उपचार चांगले मिळाले तर ती साठीपर्यंत जगतात. म्हणजे आईबापांच्या नंतर. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमता येतो, 'निरामया' हा आरोग्य विमा मिळतो. ती कागदपत्रं आम्ही केली. पण आवाजाचं काय?

मी खूप विचार केला. मेलेल्या आईचा आवाज रोज पहाटे "ऊठ बेटा" म्हणत राहिला तर तो तिला घरभर शोधेल. आणि आवाज गोळी घे म्हणेल, पण घेतली की नाही ते कोण बघणार? फोन आठवण करून देतो, काळजी करत नाही. म्हणून आम्ही गजर बदलायचं ठरवलं. आपा रुसली आधी. मग एका संध्याकाळी आम्ही त्याच्याच हातात फोन दिला आणि म्हटलं, तूच सांग तुला. तो खूप वेळ फोनकडे बघत राहिला. मग घसा खाकरून, आईची नक्कल करत त्यानं तीन शब्द भरले, "गोळी घ्यायची. ऊठ."

आता पहाटे त्याच्या घरात त्याचाच आवाज वाजतो आणि तो त्याचं ऐकतो. खाली राहणाऱ्या शेजारणीनं रोज सातला त्याला हाक मारून विचारायचं कबूल केलं आहे. आपा मला म्हणाली, "बघ, माझ्या पदराची गाठ त्यानं सोडून घेतली आणि स्वतःच्या खिशात बांधली."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)